पॅटर्न आधी की भाषा आधी? दूध संकलनाच्या प्रोजेक्टवरून पडलेला प्रश्न

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कराडजवळ राहते. मागच्या आठवड्यात एका कंपनीत मुलाखत झाली. पहिलाच प्रश्न आला, "सिंगलटन लिहून दाखवा." प्रोग्रामभर एखाद्या वस्तूची एकच प्रत राहील अशी ही कोडची रचना. पाठ होता, दोन मिनिटांत कागदावर उतरवला. मग विचारलं, "हा कुठे वापराल आणि कुठे टाळाल?" तिथे मला एक वाक्य धड बोलता आलं नाही. निवड झाली नाही.

तेव्हापासून दोन माणसं दोन दिशांना ओढताहेत. कॉलेजातला एक सीनियर दादा म्हणतो, सिंटॅक्स (भाषेचं व्याकरण) काय, शोधलं की मिळतं, तू चौघा लेखकांच्या पुस्तकातले तेवीसच्या तेवीस डिझाइन पॅटर्न, म्हणजे नेहमीच्या अडचणींवरच्या कोडच्या ठरलेल्या रचना, करून टाक. आमचे सर म्हणतात, आधी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा पक्की कर, पॅटर्न नोकरीत आपोआप येतात.

माझा प्रोजेक्ट खरा आहे, नुसता मार्कांपुरता नाही. काकांचं दूध संकलन केंद्र आहे. वजनकाटा आणि फॅट मशीन संगणकाला जोडून सकाळ-संध्याकाळचं दूध नोंदवायचं आणि शेतकऱ्याच्या हातात स्लिप द्यायची. परीक्षेला चार महिने आहेत. या चार महिन्यांत मी नेमकं काय धरू?

---

अर्धविराम | शनिवार, रात्री १०.१५

तुमचे सर बरोबर सांगताहेत. फक्त सिंटॅक्स या शब्दाचा अर्थ मोठा धरा. कंस कुठे आणि सेमीकोलन कुठे, हे कंपायलर (कोड तपासून संगणकाच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) सांगतो, त्याची काळजी नको. पण लिहिलेलं वाक्य चालताना काय करतं हे कंपायलर सांगत नाही.

माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. सतरा वर्षं जावात आहे, ही सुरुवातीची गोष्ट. एका पतसंस्थेसाठी पिग्मीची नोंद करणारा प्रोग्राम लिहिला होता. खाते क्रमांक इंटीजर ऑब्जेक्ट (आकडा आत ठेवलेली वस्तू) म्हणून ठेवला होता आणि दोन क्रमांक जुळतात का ते == ने तपासलं होतं. आम्ही शंभर खाती घालून चाचणी केली, सगळं चोख. संस्थेत बसवलं आणि तिसऱ्या दिवशी फोन आला की काही खात्यांचा भरणा जमाच होत नाही. यादी मागवली. सगळी खाती १२८ किंवा त्यापुढची.

कारण असं की जावा -१२८ ते १२७ या आकड्यांचे इंटीजर ऑब्जेक्ट आधीच तयार ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा देते. त्यामुळे तेवढ्या टापूत == खरं ठरतं. त्यापलीकडे प्रत्येक वेळी नवा ऑब्जेक्ट मिळू शकतो, आणि == तर "आकडा तोच आहे का" असं न विचारता "वस्तू तीच आहे का" असं विचारतं. तिथे आतला आकडा ताडणारं इक्वल्स वापरायचं असतं. दिवसभर पायपीट करून पिग्मी एजंटने आणलेले पैसे खात्यावर दिसत नव्हते आणि लोक त्यालाच जाब विचारत होते. ते अजून आठवतं. तेवीस पॅटर्न पाठ असते तरी ही चूक टळली नसती.

---

सांजवात | शनिवार, रात्री १०.३२

अर्धविराम यांना +१. स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) बाबतीतही हेच, आणि नवीन मुलं सगळ्यात जास्त तिथेच अडकतात.

---

पडवी | रविवार, सकाळी ७.०५

अर्धविरामजींचा अनुभव पटला, पण "पॅटर्न आपोआप येतात" हे मला मान्य नाही. आपोआप येते ती इफ-एल्सची ("असं असेल तर हे, नाहीतर ते" अशा अटींची) शिडी. दहा-दहा वर्षं नोकरी करून त्या शिडीवरून खाली न उतरलेली माणसं मी पाहिली आहेत, चांगली हुशार माणसं.

पॅटर्न ही कल्पना संगणकवाल्यांची नाहीच, मुळात ती घरबांधणीतून आली. क्रिस्टोफर अलेक्झांडर हे वास्तुरचनाकार. १९६४च्या त्यांच्या पुस्तकात गुजरातमधल्या एका खेड्याच्या गरजांची मोठी यादी करून त्यांची गटवारी केलेली आहे. पुढे १९७७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २५३ पॅटर्नचा ग्रंथ काढला. शहर कसं वसावं इथपासून खिडकीशी बसायची जागा कशी असावी इथपर्यंत. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती कल्पना स्मॉलटॉक या भाषेतल्या प्रोग्रामिंगला लावून पाहिली. १९९४ मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचं पुस्तक आलं, तेच ते तेवीस.

आता आपल्याकडचं बघा. कोकणात गवंड्याला "पुढे पडवी काढ" एवढंच सांगितलं तरी पुरतं. उतरतं छप्पर, बुटकी भिंत, भिंतीवर झोत मारणारा पाऊस अडवायचा, शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला जागा, हे सगळं त्या एका शब्दात येतं. ओटी, माजघर, परसू हेही तसेच. पण सोलापूरच्या कोरड्या हवेत कोकणातली पडवी जशीच्या तशी उचलून लावली, तर ती तिथे कशासाठी उभी आहे हेच कळणार नाही. पाऊस आहे म्हणून पडवी आहे.

कृष्णाकाठ, मुलाखतीत तुला नेमका पाऊस विचारला होता आणि तू पडवीचं चित्र काढून दाखवलंस. चौघांच्या पुस्तकात प्रत्येक पॅटर्नसोबत तो कधी लागू पडतो आणि वापरल्यावर कोणते परिणाम भोगावे लागतात, याचे वेगळे भाग आहेत. बहुतेक जण चौकोन आणि बाण पाहून पान उलटतात. तू ते दोन भाग आधी वाच, चित्र मग.

---

दूरदेशी | रविवार, सकाळी ११.५०

मी आधी जावात होतो, आता सहा वर्षं पायथनमध्ये काम करतो. दोन्हीकडे राहिल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली: भाषा आणि पॅटर्न या वेगळ्या वाटा नाहीतच. भाषेत जे सरळ सांगता येत नाही, त्यासाठी बऱ्याचदा पॅटर्न लागतो.

१९९६ मध्ये पीटर नॉर्व्हिग यांनी एका सादरीकरणात दाखवलं होतं की त्या २३ पैकी १६ पॅटर्न लिस्प किंवा डिलनसारख्या भाषेत दिसेनासे होतात, नाहीतर बरेच सोपे होतात. पायथनमध्ये हे रोज जाणवतं. इटरेटर (यादीतली एकेक वस्तू क्रमाने देणारा) हा पुस्तकात एक अख्खा पॅटर्न आहे, इथे तो फॉर लूपच्या पोटात बसलाय. स्ट्रॅटेजीसाठी, म्हणजे काम करायची पद्धत बदलून लावता यावी यासाठी, इंटरफेस (काय करायचं याचा करार) आणि चार क्लास लागत नाहीत, फंक्शन उचलून दुसऱ्या फंक्शनला दिलं की झालं. जावातही २०१४ च्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा (जागच्या जागी लिहायचं बिननावी फंक्शन) आला आणि तिथली स्ट्रॅटेजी पुष्कळदा एका ओळीवर आली.

मी पायथनमध्ये आलो तेव्हा पहिले काही महिने जावाच लिहीत होतो, फक्त पायथनच्या अक्षरांत. प्रत्येक गोष्टीला फॅक्टरी (ऑब्जेक्ट बनवून देणारा कोड), सिंगलटनसाठी खास क्लास. खरं तर पायथनचं मोड्यूल (कोडची फाइल) एका प्रोग्राममध्ये एकदाच चालतं आणि नंतर तेच परत मिळतं, तेवढ्यावर बहुतेक काम भागतं. माझा कोड वाचून एक सहकारी म्हणाली, "हे बरोबर आहे, पण इथे कुणी असं बोलत नाही." ते मला लागलं आणि त्यातूनच शिकलो.

अजून एक, @ चिन्ह लावून लिहायचा पायथनचा डेकोरेटर आणि पुस्तकातला डेकोरेटर (वस्तूचं रूप तेच ठेवून तिला वाढीव काम जोडणारा) यांची गल्लत करू नकोस. नाव सारखं आहे आणि नातंही आहे, पण दोन्ही एकच नाहीत.

---

अर्धविराम | रविवार, दुपारी १.२०

दूरदेशींचा मुद्दा सिंगलटनलाच लावून दाखवतो, कारण कृष्णाकाठ तिथे अडल्या होत्या.

ऑब्जेक्ट नसेल तर बनवा, असेल तर तोच द्या, एवढं सगळे लिहितात. दोन थ्रेड (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं) एकाच क्षणी आत आले तर दोन ऑब्जेक्ट बनतात, म्हणून कुलूप लावायचं. दर वेळी कुलूप नको म्हणून आधी एकदा कुलपाबाहेर तपासायचं, मग आत पुन्हा तपासायचं. ही दुहेरी तपासणी बरीच वर्षं लोक विश्वासाने लिहीत होते आणि ती चुकीची होती. एका थ्रेडने बनवलेला ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडला अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिसू शकत असे. २००४ मध्ये जावा ५ आली, मेमरीचे नियम नव्याने बांधले गेले, तेव्हापासून व्होलाटाइल हा शब्द लावला तर ती पद्धत बरोबर चालते. तो शब्द विसरलात तर चित्र बिनचूक आणि कोड चुकीचा.

आज एकच किंमत असलेला इनम (ठरावीक किमतींची यादी) लिहिला की जावा स्वतः हमी घेते. म्हणजे पॅटर्नचा प्रश्न विचारून मुलाखत घेणारे तुमची भाषा तपासत होते.

आणि कुठे टाळायचा? जिथे "एकच हवा" याचा खरा अर्थ "मला सगळीकडून हात घालायचाय" असा असतो, तिथे. डेटाबेसचं कनेक्शन सिंगलटन केलंत की चाचणीसाठी दुसरं कनेक्शन देणं जड जातं.

---

खडूफळा | रविवार, संध्याकाळी ६.३०

मी डिप्लोमाला शिकवते. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे मुलं ऑब्झर्व्हरची (एक बदललं की बाकीच्यांना कळवणाऱ्या पॅटर्नची) आकृती जर्नलमध्ये पट्टी लावून सुरेख काढतात. तोंडी परीक्षेत व्याख्याही सांगतात. पण "मार्क बदलला की निकालाचा तक्ता आपोआप बदलायला हवा, कर बघू" म्हटलं की हात थांबतो. दोष मुलांचा नाही. ज्याला आधी काही बोचलंच नाही, त्याच्या हातात आपण औषध ठेवतो.

गेली काही वर्षं मी क्रम बदललाय. पहिल्या दिवशी पॅटर्नचं नाव घेत नाही. एक चालता प्रोग्राम देते, समजा एसटीच्या तिकिटाचा. मग सांगते, ज्येष्ठांना सवलत घाला. पुढच्या तासाला महिलांची सवलत, त्याच्या पुढच्या तासाला ७५ वर्षांवरच्यांना मोफत. तिसऱ्या बदलाला वर्गात कुरकुर सुरू होते. एका मुलीने मागच्या वर्षी विचारलं, "मॅडम, प्रत्येक वेळी तेच फंक्शन का उघडायचं? सवलत बाहेर काढून ठेवली तर?" त्या तासाला मी फळ्यावर स्ट्रॅटेजी हा शब्द लिहिला. पुन्हा शिकवावा लागला नाही.

कृष्णाकाठ बाळा, तुझ्याकडे काकांचं केंद्र आहे, म्हणजे बदल सांगणारा खरा माणूस आहे. हे फार थोड्या मुलांच्या वाट्याला येतं. तुझा कोड आत्ता कसा दिसतो ते लिही ना इथे.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. लिहिते.

एकच क्लास आहे, "संकलन" नावाचा, ६४० ओळींचा. त्यात काटा वाचणं, फॅट मशीन वाचणं, दर काढणं, साठवणं, स्लिप छापणं सगळं आहे. मशीन दोन कंपन्यांची आहेत. जुनं मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) स्वल्पविरामाने वेगळे करून पाठवतं. नवीन मशीन सलग आकडे पाठवतं, दशांश चिन्ह नाही, पहिले तीन अंक फॅट, पुढचे तीन एसएनएफ. "मशीन जुनं असेल तर" असा इफ मी मोजला, सात ठिकाणी आहे.

शिवाय दर. गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, म्हशीला ६.० आणि ९.०. त्याच्या वर-खाली डेअरी देईल त्या दरपत्रकाप्रमाणे. काका दोन डेअऱ्यांना दूध घालतात, दोघांचं दरपत्रक वेगळं. म्हणून आज इथलं वाचून मी प्रत्येक डेअरीसाठी एक स्ट्रॅटेजी क्लास करायला घेतला. बरोबर करतेय ना?

---

पडवी | रविवार, रात्री १०.४५

अर्धं बरोबर, अर्धं थांबव.

मशीनचं आधी घेऊ. तुझ्या प्रोग्रामला मशीनशी देणंघेणं नाही, त्याला दोन आकडे हवेत: फॅट आणि एसएनएफ. तेवढंच देणारा एक इंटरफेस कर, "दूधपरीक्षक" म्हण. जुन्या मशीनसाठी एक क्लास, तो स्वल्पविराम तोडतो. नव्यासाठी दुसरा, तो तीन-तीन अंक तोडून दशांश बसवतो. सुरुवातीला कुठला घ्यायचा ते एकाच जागी ठरव. सातचे इफ एकावर येतील. हा अ‍ॅडाप्टर. हव्या त्या रूपात गोष्ट आणून देणारा पॅटर्न. इथे पाऊस खरा आहे: उद्या तिसऱ्या कंपनीचं मशीन येणार, ते तिसऱ्याच भाषेत बोलणार, आणि त्या मशीनवर तुझा काडीचाही ताबा नाही.

आता दरपत्रक. प्रत्येक डेअरीला क्लास करू नकोस. दरपत्रकाचा कागद समोर धर. आडवं एसएनएफ, उभं फॅट, एका दशांशाच्या पायऱ्या, चौकोनात रुपये. दोन्ही डेअऱ्यांत वेगळं काय आहे? आकडे. वागणं तेच आहे: ओळ शोध, रकाना शोध, दर उचल. आकडे वेगळे असतील तर ते तक्त्यात ठेवायचे, डेटाबेसमध्ये, लागू झाल्याच्या तारखेसकट. क्लास केलास तर दर बदलला की काकांना तुझी वाट बघत बसावं लागेल, आणि तोपर्यंत तुला पुण्यात नोकरी लागलेली असेल.

एखादी डेअरी तक्ता सोडून सूत्राने दर काढत असेल, तर मात्र वागणं वेगळं झालं. तेव्हा स्ट्रॅटेजी. तोवर नको.

माझ्या मते सगळ्यात अवघड हेच आहे. पॅटर्न ओळखणं महिन्याभरात जमतं. समोर दिसणारा फरक आकड्यांचा आहे की वागण्याचा, हे बघायची सवय लागायला वेळ जातो.

---

अर्धविराम | रविवार, रात्री ११.०५

पडवी, शेवटच्या परिच्छेदाला माझं पूर्ण अनुमोदन. सुरुवातीला मी "आधी भाषा" असं ठणकावून म्हटलं होतं, ते जरा मागे घेतो.

कृष्णाकाठ, मशीनचा डेटा तुम्ही वाचताय तीच ओळ उघडा. इनपुटस्ट्रीम (येणाऱ्या बाइटचा प्रवाह) घेऊन त्यावर इनपुटस्ट्रीमरीडर, त्यावर बफर्डरीडर चढवला असेल. मधला बाइटच्या प्रवाहाला अक्षरांच्या रीडरचं रूप देतो, तो अ‍ॅडाप्टर. बाहेरचा रीडरला रीडरच ठेवून त्याला साठवण जोडतो, तो डेकोरेटर. बहुतेक पहिल्या वर्षापासून तुम्ही दोन पॅटर्न एका ओळीत लिहिताय.

---

कुणीएक | सोमवार, दुपारी १२.१५

चर्चा उत्तम, पण नोकरीचं बघायचं तर पहिल्या फेरीत कोडिंगच विचारतात. पॅटर्नवर चार महिने घालवू नकोस, आठवड्याला एक पुरे.

---

कृष्णाकाठ | पुढचा रविवार, रात्री ८.५०

आठवडाभर केलं ते सांगते.

मशीनचे दोन अ‍ॅडाप्टर झाले. "संकलन" क्लास २१० ओळींवर आला. दरपत्रक डेटाबेसमध्ये टाकलं. काकांना दाखवलं, त्यांनी स्वतः एक दर बदलून पाहिला आणि स्लिपवर नवा दर आला. ते काही बोलले नाहीत, पण शेजारच्या गोठ्यातल्या आप्पांना हाक मारून त्यांनाही दाखवलं.

मग आप्पांनी मागच्या दहा दिवसांच्या स्लिपा काढल्या आणि वहीतल्या बेरजेशी ताडून पाहिल्या. दहा पैशांचा फरक. मी पैसे डबलमध्ये (जावाच्या दशांश आकड्यांच्या नेहमीच्या प्रकारात) ठेवले होते. ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून छापली तर ०.३०००००००००००००००४ आलं. डबल आकडे बायनरीत (फक्त ० आणि १ मध्ये) ठेवतं, त्यात ०.१ नेमका मावतच नाही, हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आमचा फरक नेमका कुठे पडला ते शोधलं, तर दर नोंदीला पैसे पूर्णांकात आणताना अर्धा पैसा कधी वर, कधी खाली जात होता.

सगळं बिगडेसिमलवर (दशांश नेमके ठेवणाऱ्या प्रकारावर) नेलं आणि पैसे कसे पूर्णांकात आणायचे तो नियम एकाच जागी ठेवला. तिथेही एकदा ठेच लागली. २.० आणि २.०० यांना इक्वल्स वेगळे मानतं, कारण दशांशानंतरचे अंकही मोजतं. कंपेअरटू वापरल्यावर जुळले. अर्धविराम दादा, तुमची १२८ व्या खात्याची गोष्ट तेव्हा आठवली. दहा पैसे होते, पण आप्पांचे होते.

आता एकच अडचण उरली आहे. संध्याकाळी गर्दी असली की काट्याचं वजन कधीकधी अर्धवटच येतं. १२.४५ च्या जागी नुसतं १२, आणि पुढच्या वाचनाला .४५. अ‍ॅडाप्टरमध्ये चूक आहे का?

---

अर्धविराम | पुढचा रविवार, रात्री ९.३०

अ‍ॅडाप्टरची आखणी ठीक वाटते, आतलं वाचन चुकतंय. सीरियल पोर्टवरून (काटा जिथे जोडलाय तिथून) मजकूर अख्खा येईल अशी हमी नसते, तो तुकड्यांत येतो. काट्यासाठी तुम्ही थेट इनपुटस्ट्रीममधून वाचून, जे हाती लागलं ते वजन धरत असणार. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत तुकडे साठवा, मगच आकडा काढा. काटा कोणती खूण पाठवतो ते त्याच्या माहितीपत्रकात असेल. काही काटे ओळीच्या सुरुवातीला वजन स्थिर झालं की नाही हेही एका अक्षराने सांगतात. तुमचा सांगत असेल तर स्थिर नसलेलं वजन घेऊच नका, कॅन ठेवताना काटा हलत असतो.

ही साठवणही काट्याच्या अ‍ॅडाप्टरच्या आतच ठेवा, बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. उद्या सकाळच्या संकलनाला करून बघा आणि काय येतं ते इथे टाका.